माझ्या वाट्याची थडी

लग्न मोडून मी माहेरी परत आले ते वर्ष मी बहुतेक झोपेत काढलं. रात्री झोप यायची नाही, दुपारी मात्र डोळे आपोआप मिटायचे. जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या शाळेत मी पहिलीचा वर्ग शिकवत होते. आमचं गाव तिथून चालत जाण्याइतकं जवळ. शाळा सुटली की घरी यायचं, उभ्या उभ्या दोन घास खायचे आणि सरळ शेतात जाऊन नदीच्या कडेला एका बाभळीखाली पडायचं, असा माझा क्रम होता. घरात कुणाचा जाच नव्हता. दादा आणि वहिनी मला जपायचे, माझे वडील, अण्णा, तर माझ्याकडे नीट बघायचेही नाहीत, बघितलं की त्यांचे डोळे भरायचे. पण गावातल्या बाया काही ना काही निमित्त काढून यायच्या आणि जाता जाता विचारायच्या, "मंग, आता कसं करायचं ठरवलं?" नदीच्या कडेला मला कुणी काही विचारत नव्हतं.

ही ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. आमची नदी लहान. पुढे जाऊन पूर्णेला मिळते. तिला नाव आहे, पण आम्ही तिला नुसतं नदी म्हणायचो, आणि तिच्या काठाला थडी. आमची थडी आणि पल्याडची थडी.

बाभळीखाली पडले की अर्धवट झोपेत मला एक आवाज यायचा. पूर ओसरून ऊन पडलं की भिजलेली दरड आतून सुटायची आणि तिचा एक लचका पाण्यात पडायचा. धप्प. थोडा वेळ सगळं शांत, मग लांब कुठंतरी पुन्हा धप्प. झोपेत वाटायचं, कुणीतरी दार लावतंय. जाग आली की दिसायचं, दादाच्या कपाशीची एक ओळ नदीत आडवी झालेली असायची, बोंडांसकट.

माझ्या लहानपणी थडी अशी उघडी नव्हती. निर्गुडीची दाट जाळी होती, करंज होते, खाली पाण्याच्या रेषेवर लव्हाळं होतं. नदी नेमकी कुठं सुरू होते ते कळायचंच नाही. रान हळूहळू ओलं होत जायचं आणि होता होता त्याची नदी व्हायची. आम्ही पोरी त्या जाळीत शिरलो की वरचं आभाळ हिरवं दिसायचं. पुढे पाणी उपसायला विजेची मोटार आली. मोटारीला वाट पाहिजे म्हणून झाडं तोडली. झाडं गेलीच आहेत तर नांगरून घेऊ म्हणून काळं रान थेट कडेपर्यंत गेलं. कपाशी कडेवर उभी राहून नदीत वाकून बघायला लागली. सगळ्यांनीच तसं केलं, नदीच्या वरच्या अंगाच्यांनी आणि खालच्या अंगाच्यांनीही. त्यानंतर पावसाळ्यातलं गढूळ पाणी दिवाळी झाली तरी निवळेना. पूर्वी बाया हिवाळ्यात वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं घागरी भरायच्या. आता वाळूवर गाळ बसला होता. झिरा उकरला की त्यात चहाच्या रंगाचं पाणी साचायचं आणि त्याला वास यायचा.

एका पुरानंतर अण्णा, दादा आणि मी कडेशी उभे होतो.

"आण्खी गेलं," दादा म्हणाला. "पुढल्या साली ही एवढी पट्टी बी जाईन."

"मंग ती पोरीला दे," अण्णा म्हणाले.

दादाला वाटलं, ते थट्टा करतायत. "नदीच्या पोटात जाणारी जमीन देऊन राह्यले का तिला?"

"तिला कुठं पेरायचं हाये? तिला बसायला लागती."

अण्णा हसले नव्हते. दादा माझ्याकडे वळला. "बिलकुल काही पेरू नको बरं तिथं. बी वाया जाईन."

"न्हाई पेरत."

"मंग काय करशीन?"

"काहीच न्हाई," मी म्हणाले.

कागदावर काही झालं नाही. पण त्या दिवसापासून बाभळीपासून मोटारीच्या वाटेपर्यंतची कडेची पट्टी माझी झाली. आपल्या नावाचं काहीतरी आहे ही भावना मला तेव्हा फार नवी होती. त्या पट्टीत नांगर घालू नको, एवढंच मी दादाला सांगितलं. त्यामागे काही विचार होता असं म्हणणं खोटं ठरेल. मला एवढंच वाटत होतं की कुठल्यातरी एका जागेला कुणी काही विचारू नये.

पहिल्या पावसात पट्टी तणानं भरली. कुसळी आली, तरवड आला आणि सगळ्यांत जास्त आलं ते गाजरगवत. पांढऱ्या फुलांनी पट्टी लग्नातल्या मांडवासारखी सजली. दादा वैतागला. "तुझं गाजरगवत माझ्या कपाशीत येऊन राह्यलं. ही कुठली जमीन ठेवायची तऱ्हा?" त्याचं बरोबर होतं. मग मी दर रविवारी वाकून ते उपटू लागले. हात खाजायचे, अंगावर पुरळ उठायचं. पण एक गोष्ट झाली. रविवारी दुपारी मला झोप येईना.

असंच एकदा उपटत होते तेव्हा पल्याडच्या थडीवरून हाक आली.

"ओ बाई! काय पेरलं व?"

"काही न्हाई!"

"मंग निंदून काय राह्यल्या?"

मी हातातलं गाजरगवत वर धरून दाखवलं. पल्याडची बाई मोठ्यानं हसली आणि मग मलाही हसू आलं. माहेरी परत आल्यापासून पहिल्यांदाच मी आवाज करून हसले असेन.

पल्याडचं रान बौद्धवाड्यातल्या एका घराचं होतं. एवढुसं रान, त्यातलंही दरसाल थोडं नदी घ्यायची. ती बाई माझ्याहून वयानं मोठी, मी तिला अक्का म्हणायला लागले. ती मला बाई म्हणायची, शाळेतली बाई म्हणून. आमच्या घरच्या बाया तिच्या घरी बसायला जात नव्हत्या आणि ती आमच्या ओट्यावर चढत नव्हती. मधल्या वाळूला मात्र कुणाचा ओटा नव्हता. हिवाळ्यात पाणी आटलं की ती शेळ्या घेऊन उतरायची, मी पट्टीवरून उतरायचे आणि आम्ही वाळूत बसून शेंगा खायचो. तिनं माझ्या लग्नाबद्दल एका शब्दानंही कधी विचारलं नाही. ती नदीबद्दल बोलायची.

"माझं माहेर वडीगोद्रीकडचं," एकदा ती म्हणाली. "भावाच्या रानातून नाला जातो. काय पाणी येतं त्याला! पर काठ जागचा हलत न्हाई. वाळा हाये ना काठाला."

"म्हणजे कूलरच्या पडद्यात असतो तो?"

"तोच. खाली मूळ लय लांब जातं त्याचं. माती धरून ठिवतं."

"इथं येईल का तो?"

"आणलं तर येईन की. पोरीसारखा. माहेर सोडून येती का न्हाई पोरगी? जीव धरतीच ना?" आणि मग माझ्याकडे बघून तिनं जीभ चावली. "सगळ्याच धरत्यात असं न्हाई," ती हळूच म्हणाली. मी तिच्या हातातल्या शेंगा घेऊन सोलत बसले.

पुढच्या पावसाच्या तोंडावर ती माहेरी गेली आणि ओल्या गोणपाटात वाळ्याचे ठोंब बांधून एसटीनं घेऊन आली. सांगत होती, सगळ्या गाडीला वास सुटला होता. जालन्याच्या स्टँडवर गाडी बदलताना एक माणूस तिच्या मागंमागं आला आणि विचारू लागला, मावशी, अत्तर विकून राह्यल्या का? आम्ही दोघींनी ते ठोंब वाटून घेतले. अर्धे तिच्या कडेला, अर्धे माझ्या. त्या संध्याकाळी माझ्या हातांना येणारा वास मला अजून आठवतो. गार मडक्यातल्या पाण्यासारखा. जेवताना मी सारखी बोटं नाकाशी नेत होते आणि वहिनी माझ्याकडे बघत होती.

ते आम्ही अगदी कडेवर लावले, दरडीच्या डोक्यावर. भादव्यात पूर आला आणि ओसरताना दरड सुटली, वाळ्यासकट. बैलगाडीएवढं एक ढेकूळ आमच्या डोळ्यांदेखत पाण्यात उतरलं. पल्याड अक्का कमरेवर हात ठेवून उभी होती. "गेला माय," ती ओरडली. "माझ्या माहेराचा वाळा गेला!"

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ते ढेकूळ तिथंच होतं. बाकीची पडलेली माती विरघळून वाहून गेली होती. हे मात्र पाण्यात बसलं होतं, बसक्या म्हशीसारखं, आणि त्याच्या पाठीवर वाळा हिरवागार डुलत होता. आठवडा गेला, महिना गेला. पाणी त्याला वळसा घालून जायचं. त्याच्या मागच्या संथ पाण्यात बारीक वाळू साचायला लागली.

दादा ते रोज मोटारीच्या वाटेवरून बघायचा. एकदा मी बाभळीखाली डोळे मिटून पडले होते. पाण्यात कुणी चालल्याचा आवाज आला. बघते तर दादा धोतर खोचून मांडीएवढ्या पाण्यात उभा आणि त्या ढेकळात कोपरापर्यंत हात घातलेला.

"काय करून राह्यला, दादा?"

"हे सुटत न्हाई," तो म्हणाला. हात बाहेर काढत पुन्हा म्हणाला, "ओढून पाह्यलं. सुटतच न्हाई."

पुढच्या उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, तो एका सकाळी टिकाव आणि फावडं घेऊन माझ्या पट्टीवर आला. पट्टी माझी झाल्यापासून त्यानं तिथं अवजार टेकवलं नव्हतं.

"दरड उभी हाये तवर काही टिकणार न्हाई," तो म्हणाला. "तिला झोपवावं लागीन. वरून खालपर्यंत उतार काढायचा, अन् लावायचं ते खालून लावत यायचं, पाण्यापासून. तुझी पट्टी कमी होईन बरं त्यानं."

"होऊ दे."

त्या उन्हाळ्यात आम्ही सकाळी सकाळी दरड झोपवायचो. दादा खोदायचा, मी माती ओढायचे, अण्णा बाभळीखाली बसून कुठं जास्त झालं, कुठं कमी, ते सांगायचे. पल्याड अक्का आणि तिचा नवरा तेच करत होते. कुठल्या बाजूचा उतार जास्त सरळ आला यावरून दोन्ही थड्यांवरून बोलणी व्हायची. दादा आणि अक्काचा नवरा एका गावात वाढलेले, पण त्यांना इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

एके सकाळी दादाचा टिकाव वर गेला तो वरच राहिला. दरडीतल्या एका भोकातून एक हिरवा पक्षी सणकन बाहेर आला होता. मग दुसऱ्या भोकातून दुसरा. वेडे राघू. बारीक, बाकदार चोचीचे, उन्हात गेले की पंख तांब्याचे होणारे. तेवढ्या भागात दरडीला भोकंच भोकं होती. आत पिल्लं असणार. कान लावला तर मातीच्या आतून बारीक आवाज येत होता.

"एवढी भिंत राहू दे, दादा."

"बाकी सगळी झोपवली अन् ही उभी ठिवायची? हितूनच फुटीन ना मंग."

"फुटू दे."

त्यानं अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "पिल्लं उडू दे रे. मंग पाहू."

पिल्लं उडाली, पण तोवर पाऊस आला आणि ती भिंत तशीच राहिली. दरसाल ती थोडी ढासळते. दरसाल पाखरं नवी भोकं कोरतात. मला वाटतं, त्यांना ढासळलेलीच भिंत लागते, ताजी, मऊ.

त्या पावसाळ्यात आम्ही पाण्याच्या रेषेवर वाळा लावला, त्याच्या वर निर्गुडीच्या फांद्या खोचल्या, अगदी वर करंजाच्या बिया टाकल्या. लव्हाळं आपणहून आलं. काही जगलं, काही शेळ्यांनी खाल्लं, काही पुढच्या पुरात गेलं. गेलं तिथं पुन्हा लावलं.

त्यानंतरची वर्षं मला एका लांब दुपारसारखी आठवतात. त्यातलं आधी काय आणि मग काय ते नीट लावता येत नाही. अण्णा गेले त्या हिवाळ्यात निर्गुडी माझ्या डोक्याच्या वर गेली होती, एवढं पक्कं आठवतं, कारण घरी दुखवट्याला आलेली माणसं कमी होईपर्यंत मी तिच्या आडोशाला बसले होते आणि मला कुणी शोधलं नाही. वहिनीनं पोरांच्या सर्दीसाठी निर्गुडीचा पाला न्यायला सुरुवात केली. करंजाला फुलं आली, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ती पाण्यावर पडायची, गुलाबीसर पांढरी, आणि सगळा डोह हळूहळू गोल फिरतोय असं वाटायचं. खंड्या यायला लागला. तो त्या वाळ्याच्या ढेकळावर बसायचा. ढेकळाचं आता लहान बेट झालं होतं. मी वह्या तपासायला तिथं न्यायचे आणि तपासायच्या राहून जायच्या.

सगळं चांगलंच झालं असं नाही. एका वर्षी कपाशीवर फार अळी पडली आणि सगळे फवारत सुटले. दादा नवीन जालन्याच्या बाजारात जाऊन औषधाच्या बाटल्या घेऊन यायचा. फवारणी झाली की गडीमाणसं पंप नदीत धुवायची. नदीत धुवायची नाही तर कुठं, असंच सगळ्यांना वाटायचं. एका सकाळी अक्का पदरात काहीतरी घेऊन आमच्या ओट्यापर्यंत आली. पहिल्यांदाच आली. पदर सोडला तर त्यात मासे होते, बोटाएवढे, पांढरी पोटं वर करून.

"दादा, हे पाहा," ती म्हणाली. "डोहात सगळे उलटे झालेत."

दादानं एक मासा उचलला, तळहातावर ठेवला. वहिनी आतून आली आणि अक्काला म्हणाली, "बसा की." अक्का ओट्याच्या कडेला बसली. वहिनीनं चहा केला आणि घरातल्याच कपबशीत दिला. अक्कानं तो बशीत ओतून प्यायला.

दादानं रानाच्या वरच्या टोकाला, नदीपासून लांब खड्डा खोदला आणि पंप तिथं धुवायचा असं गड्यांना बजावलं. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनाही तो जाऊन सांगून आला. एकदोघांनी ऐकलं. बाकीच्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मासे यायला मग दोन पावसाळे गेले.

पण पाणी निवळायला लागलं होतं. वरून येणारं गढूळ पाणी आमच्या दोन्ही थड्यांमध्ये शिरलं की हळू व्हायचं, गवतात गाळ टाकायचं आणि खाली जायचं. एका हिवाळ्यात अक्कानं वाळूत हात घालून पाहिलं आणि तिथंच झिरा उकरला. आम्ही दोघी वाट बघत बसलो. पाणी वर आलं, आधी पांढुरकं, मग स्वच्छ. तिनं ओंजळ भरून आधी मला दिली.

नवं शतक लागल्यावर एका वर्षी मोठा पूर आला. रात्रभर पाऊस होता. उजाडल्यावर आम्ही गेलो तर माझी पट्टी दिसतच नव्हती. नदी तिच्यावरून चालली होती, रुंद, तपकिरी, आवाज न करता. निर्गुडीचे शेंडे तेवढे पाण्यात थरथरत होते. दादाचा चेहरा उतरला. मी मात्र का कोण जाणे, शांत होते. ते एवढं पाणी माझ्या जागेवरून जातंय आणि खाली सगळी मुळं एकमेकांना धरून बसली असतील, असं मनात येत होतं. बघता बघता मला वाटायला लागलं की पाणी स्थिर आहे आणि आम्हीच थडीसकट वरच्या अंगाला चाललोय.

पाणी उतरल्यावर गवत सगळं एका दिशेला विंचरल्यासारखं पडलं होतं आणि त्यावर बोटभर मऊ गाळ. दादाची कपाशी कडेपर्यंत उभी होती. वरच्या अंगाला दोघांची रानं फुटली होती. महिन्याभरात ते दोघं आले, जरा लाजत. "वाळ्याचे ठोंब हायेत म्हणं तुमच्याकडं?" मी त्यांना अक्काकडे पाठवलं. तिनं कुदळीनं ठोंब सोडवून दिले आणि दहा वेळा बजावलं, दरडीच्या डोक्यावर लावू नका, खालून लावा.

त्यानंतरच्या मृगात मी शाळेतून आले तेव्हा पेरणी झाली होती. आता पेरणी ट्रॅक्टरनं होते. मी पट्टीवर गेले आणि थांबले. माझ्या पट्टीच्या आणि दादाच्या पेरणीच्या पहिल्या ओळीच्या मध्ये चांगली रुंद जागा मोकळी सुटली होती, बिनपेरलेली. मी घरी येऊन विचारलं.

"दादा, कडेचं पेरलं न्हाई?"

तो सुपारी कातरत होता. "ट्रॅक्टर वळंना तिथं. जागा कमी पडती."

"दरसाल तर वळतो."

"ह्या साली न्हाई वळला," तो म्हणाला आणि सुपारीकडेच बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाला रस्त्यात भेटला. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी वळवतच होतो बाई. दादांनीच हात केला, बस म्हणले, हितूनच फिरव."

मी ते अक्काला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. रविवारची संध्याकाळ होती. पावसानं उघडीप दिली होती. डोह भरलेला आणि स्वच्छ होता. हसणं थांबल्यावर तिनं लुगडं खोचलं आणि सरळ पाण्यात शिरली, कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली.

"या की बाई!"

"मला पोहता येत न्हाई, अक्का."

"मला तरी कुठं येतं? उभं राह्याचं नुसतं."

मी चपला गवतात काढल्या आणि वाळ्याला धरून उतरले. पाणी गार होतं, पायांखाली वाळू होती. उभी राहिले. थोड्या वेळानं बारीक मासे आले आणि माझ्या घोट्यांना लुचू लागले.